डाव्या हाताचा पट्टा

"किती वेळ ठेवतेत लोक हा अंगावर?" आवडाबाईनं पट्टा उलटा करून विचारलं.

"दोन तास. फार तर तीन," सायली म्हणाली. "मग काढून ठेवतात. टोचतो म्हणतात."

"टोचणारच. आतल्या अंगानं शिवण घेतलीय, हुक पाठीवर दिलाय. माणसासाठी शिवलाय का बैलासाठी?"

सायलीला हसू आलं. ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक यंत्र करत होती. एक पट्टा छातीला, एक मनगटाला. हात तोंडाशी गेला आणि त्याच वेळी श्वास लांब ओढला गेला, तरच यंत्र मोजायचं. नुसता हात मोजला असता तर चहा पिणारं अख्खं शहर बिडीबाज ठरलं असतं. यंत्र हुशार होतं, फक्त कोणाच्या अंगावर टिकत नव्हतं. औरंगपुऱ्यातल्या एका दुकानदारानं तिला सांगितलं होतं, ऑपरेशननंतरचे पोटाचे-कमरेचे पट्टे शिवण्यात आवडाबाईचा हात कोणी धरणार नाही.

"आन् ओढली का कळतं कोणाला?"

"डॉक्टरांना. माणसानं तशी सही दिली तर घरच्यांनाही."

"म्हंजी खोटं बोलायची सोय नाय."

"नाही."

आवडाबाईनं पट्टा मांडीवर ठेवला. "ठेवून जा. सोमवारी ये," ती म्हणाली.

एकोणीस वर्षं ती आप्पासाहेबांच्या कारखान्यात पट्टेच शिवत होती. कारखाना म्हणजे औरंगपुऱ्यातली एक लांबट खोली, चार मशिनी आणि समोर आप्पासाहेबांचं कटिंगचं टेबल. मालक असूनही कटिंग ते स्वतः करत, आणि एकीकडून सिगारेट चालूच. फोमचा भुगा उडतो म्हणून पंखा बंद, कबुतरं येतात म्हणून खिडकी बंद. धुराला जायला एकच जागा उरायची, ती म्हणजे बायकांची छाती.

एकावन्नाव्या वर्षी खोकला लागला. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "बाई, बिडी किती वर्षांपासून?" कधीच नाही, असं ती म्हणाली, तेव्हा तो नुसता हसला. आप्पासाहेब त्याच्याही पुढं गेले. खोकल्यानं गिऱ्हाईक बिचकतं म्हणून तिला घरी बसवलं, आणि वर चारचौघांत म्हणाले, "देवगावची बाई हाय, ओढत असंल चोरून." त्या शब्दाला पाय फुटले. तो थेट देवगाव रंगारीला पोचला. नागपंचमीला ती माहेरी गेली, तेव्हा सख्ख्या भावानं, पुंजारामनं, जेवताना विचारलं, "अक्का, खरंय का गं?"

ती भरल्या ताटावरून उठली. त्याला दोन वर्षं झाली, माहेरची पायरी तिनं चढली नव्हती. झालं गेलं विसरावं, असं शेजारणी सांगायच्या. आवडाबाई विसरली नव्हती, आणि विसरल्याचं दाखवतही नव्हती. आप्पासाहेबांचं तोंड एकदा त्यांच्याच घरात खाली गेलेलं तिला बघायचं होतं.

पट्टा तिनं मुळापासून उसवला. आतून बाळाच्या झबल्यासारखं मऊ होजिअरीचं कापड लावलं, शिवण बाहेरच्या अंगाला घेतली, हुक काखेखाली सरकवला. मनगटाच्या पट्ट्याला घाम शोषणारं सुती अस्तर दिलं. चार दिवस दोन्ही पट्टे स्वतः घालून स्वयंपाक केला, धुणं धुतलं, आणि जिथं जाणवलं तिथं पुन्हा उसवलं. अंगावर आहे हेच माणूस विसरला पाहिजे, एवढा एकच ध्यास.

सोमवारी सायली आली तेव्हा आवडाबाई म्हणाली, "एक माणूस सांगते. घालशील त्याला?"

आप्पासाहेबांच्या हृदयात नुकतीच स्प्रिंग बसवली होती. घरात पाच वर्षांची नात, तिला दमा. नातीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी सिगारेट सोडल्याची शपथ घेतली होती, पण सून मोनिकाला शपथेपेक्षा शर्टाचा वास जास्त खरा वाटत होता. सायलीचं फोनवरचं बोलणं ऐकताच तिनं तिला घरी बोलावलं. आप्पासाहेबांनी छाती पुढं काढून पट्टे बांधून घेतले आणि अहवाल सुनेला देण्याच्या कागदावर झोकात सही केली. पट्टे कोणी शिवले, हे त्यांनी विचारलं नाही.

आठ दिवसांनी सायली तोंड पाडून आली. "काकू, शून्य. पट्टे एकदाही काढले नाहीत, आणि तरी शून्य. सोडलीय त्यांनी खरंच."

"मनगटाचा कोणत्या हाताला बांधला?"

"उजव्या. सगळ्यांना उजव्याच."

आवडाबाई हसायला लागली. "अगं, कटिंग मास्तर हाय तो. उजव्या हातात कात्री असती त्याच्या. सिगारेट डाव्यात. आन् ती पण अशी."

तिनं पेन्सिलीचा तुकडा डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांत खोचला, मूठ वळली आणि अंगठ्यापाशी तोंड लावून एक डोळा बारीक केला. कापडावर राख पडू नये म्हणून सिगारेट मुठीत धरायची आप्पासाहेबांची सवय होती. अगदी गाल आत जाण्यापर्यंत तिनं ती हुबेहूब करून दाखवली.

सायली बघतच राहिली. "काकू, तुम्ही ओढायचात का कधी?"

आवडाबाईचा चेहरा उतरला. "तू पण?" ती म्हणाली. "एकोणीस वर्षं समोर बसले, पोरी. शिकायला लई झाली तेवढी."

सायलीनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी पट्टा डाव्या हाताला गेला; शून्य आल्यानं आप्पासाहेब निर्धास्त होते, आणि पट्टा अंगाला जाणवतही नव्हता.

पुढच्या अहवालाच्या दिवशी आवडाबाई सोबत गेली. शिवण तपासायची आहे, असं तिनं सायलीला सांगितलं होतं; ते खोटं होतं आणि सायलीलाही ते कळलं होतं. आवडाबाईला दारात बघून आप्पासाहेब चपापले, पण तोवर मोनिकानं कागद वाचायला घेतला होता.

"रोजच्या तेवीस," मोनिका म्हणाली.

"यंत्र खोटं हाय," आप्पासाहेब म्हणाले. "पट्टा टोचतो हा. त्याच्यानं चुकीचं मोजत असंल."

"कुठं टोचतो, मालक?" आवडाबाई पुढं झाली. तिनं मनगटावरचा पट्टा वर सरकवला. कातडीवर साधा वळही नव्हता. "तुम्हीच म्हणायचे, आवडाची शिलाई अंगाला कळत नाय. म्हणायचे का नाय?"

आप्पासाहेब मनगट सोडवून घ्यायला लागले.

"बोला की. टोचतो?"

"नाय टोचत," ते म्हणाले.

मोनिकानं मुलीला कडेवर घेतलं आणि लासूर स्टेशनला आईला फोन लावला, दोन महिने राहायला येते म्हणून. नात आजोबांकडं हात करत होती. आप्पासाहेबांचं तोंड एवढंसं झालं. ते बघून आवडाबाईला वाईट वाटायला हवं होतं असं कोणी म्हणेल. तिला बरं वाटलं.

"आता माझं," ती म्हणाली. "देवगावला माझ्या भावाला फोन लावा. सुनबाईसमोर बोला."

"झालं ते झालं, बाई. कशाला उकरती?"

"लावा, पप्पा," मोनिका म्हणाली.

सायलीनं नंबर जोडला आणि फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या हातात दिला.

"पुंजाराम, मी आप्पासाहेब. तुझ्या बहिणीनं बिडीला कधी हात लावला नाय. मी उगंच बोललो होतो."

पलीकडं ट्रॅक्टर चालू होता.

"मग तिला खोकला कशाचा?" पुंजारामनं विचारलं.

आप्पासाहेबांनी मोनिकाकडं पाहिलं, मग जमिनीकडं. पुंजारामनं पुन्हा तेच विचारलं. याचं उत्तर आवडाबाईनं दोन वर्षं मनात घोकून ठेवलं होतं, शिव्यांसकट. तिनं तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. सायलीनं पाणी पुढं केलं, ते तिनं हातानं बाजूला सारलं.

"अक्का?" फोनमधून आवाज आला. "तूच हायस का गं तिथं?"

आप्पासाहेबांनी फोन तिच्या तोंडापुढं धरला. ती खोकत राहिली. पलीकडं पुंजारामनं ट्रॅक्टर बंद केला आणि तो ऐकत राहिला, आणि खोकला थांबेपर्यंत आप्पासाहेबांना हात तसाच पुढं धरून उभं राहावं लागलं.