आजीच्या नावाची मनगटी

नोएलिया, तुझ्या मनगटावर तेव्हा नुसता लाल दोरा होता. माझ्या मावसबहिणीनं, कात्युस्कानं, तिच्या मोबाइलच्या दुकानातल्या एका खोक्याची फीत फाडून तो बांधला होता. म्हणाली, तोवर हा राहू दे.

आमच्या मोका गावात तान्हं मूल बघायला आलेलं माणूस आधी मनगट बघतं, मग तोंड. तिथं आसाबाचे नावाचा मणी दिसला की "देव भलं करो" म्हणत खुशाल गालाला हात लावतं. नाही दिसला की हात मागे घेतं आणि आईकडे बघतं. चार महिने सगळे माझ्याकडे बघत होते.

आसाबाचे म्हणजे काळा, गुळगुळीत मणी, हातावर ठेवला तर आहे की नाही कळू नये इतका हलका. सोन्याच्या बारीक साखळीत ओवतात, शेजारी एक पोवळं, की झाली मनगटी. दृष्ट तिच्यावर जाते, मूल सुटतं. पण आईनं ती स्वतः विकत घ्यायची नसते. घेतलेलीचा उपयोग नाही, दिलेलीचा आहे. आणि देण्याचा पहिला मान आईच्या आईचा.

माझी आई न्यूयॉर्कला असते. मी सात वर्षांची असताना गेली, आणि तिकडे तिचं दुसरं घर झालं. तू झालीस तेव्हा फोनवर पुष्कळ रडली. मनगटीचं मी दोनदा सुचवलं, आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, "बघते गं."

"तुझ्या आईला तिकडे दुकानं सापडत नाहीत वाटतं," सासूबाई केळी सोलता सोलता म्हणायच्या.

"कामात असते हो, दोन्या एर्सिलिया," मी अदबीनं म्हणायचे.

"असणारच. हवा खायला थोडीच गेलीय."

त्यांच्या बोलण्याला अशी धार होती. तुझ्या बाबांना, विल्किनला, ती ऐकूच यायची नाही. ते म्हणाले, "एवढं काय त्यात? माझी आई देईल की. विचारू तिला?"

"खबरदार," मी म्हणाले. "मग गावभर होईल की हिला माहेरच नाही."

बाप्तिस्म्याचा रविवार पंधरा दिवसांवर आला. चर्चमध्ये पाद्री तुझ्या कपाळावर पाणी घालणार आणि तुझे दोन्ही हात सगळ्यांसमोर उघडे राहणार. तेव्हा मी ठरवलं. मनगटी मी घ्यायची आणि नाव आईचं सांगायचं. तिकडून ऑनलाइन मागवली म्हणायचं. आता सगळ्याच आज्या तसं करतात.

फक्त कात्युस्काला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "दुसऱ्याच्या नावानं घेतेयस, तर निदान माल तरी खरा घे. काच गळ्यात मारतात लोक."

ऑनलाइन दुकानांतलं पहिलंच पान मला फार आवडलं होतं. गुलाबी मखमल, त्यावर इवली मनगटी. कात्युस्कानं तो फोटो इंटरनेटवर शोधायला टाकला, तर तोच फोटो आणखी चार दुकानांच्या पानांवर निघाला, त्यातलं एक मेक्सिकोतलं.

"या दुकानवालीला लिही," ती म्हणाली, "की कागदावर आजची तारीख आणि माझं नाव लिहून, मनगटीशेजारी ठेवून फोटो पाठव."

मी लिहिलं. उत्तर आलं, *आधी अर्धे पैसे पाठव, राणी.* मी पुन्हा तेच मागितलं, तर तिनं मला ब्लॉकच केलं.

"गेली राणी," कात्युस्का म्हणाली. "ऐक. पैसे आधी द्यायचे नाहीत. उजेडात फिरवून व्हिडिओ मागायचा. कडीवरचा सोन्याचा शिक्का जवळून बघायचा. आणि डबा उघडल्याशिवाय पोचवणाऱ्याच्या हातात दमडी ठेवायची नाही. चिडली तर चोर, नाही चिडली तर बाई बरी."

जवळच्या सांतियागो शहरातली एक बाई चिडली नाही. ती स्वतःच घडवायची. तिनं खिडकीत धरून व्हिडिओ काढला. तिचं बोट कामानं काळं पडलेलं होतं. चिठ्ठीवर तारीख, माझं नाव, सगळं. खरेपणाचा कागदही देते म्हणाली. मग मी लिहिलं, *त्या कागदावर नेरेइदा आजीकडून असं लिहाल का? पावतीही त्याच नावानं करा.*

*आजी कुठे असते?*

*न्यूयॉर्कला.*

मग आलं, *लिहिते. असं लिहून मागणारी तू पहिली नाहीस, पोरी.*

गुरुवारी मोटरसायकलवाला आला. सासूबाई बाजारात होत्या. त्याला दारात उभं करून मी डबा उघडला. तो घड्याळ बघत होता, बघू दे म्हटलं. शिक्का मोबाइलनं मोठा करून वाचला. मणी ओठाला लावला. काच गार लागते, हा लागला नाही. फुटक्या फरशीच्या खरबरीत पाठीवर हळूच एक रेघ ओढली. तपकिरी उमटली. आसाबाचे खरा असला की तशीच उमटते, त्या बाईनंच सांगितलं होतं. तू माझ्या कडेवर होतीस, माझं कानातलं ओढत.

सगळं खरं होतं.

रविवारी सासूबाईंनी लाल दोरा कापून माझ्या हातात दिला आणि मनगटी स्वतः घातली. शिक्का वाचायला चष्मा शोधला. कागद दोनदा वाचला. "नेरेइदा आजीकडून," त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात धार नव्हती. चर्चमध्ये कपाळावर पाणी पडलं तरी तू रडली नाहीस, हात हलवत राहिलीस. पहिल्यांदाच बायकांनी तुझ्या गालाला हात लावला. मला वाटलं, जमलं.

घरी भात, कोंबडी, बटाट्याचं सॅलड, माणसांची दाटी. तुझ्या आत्यानं, याहाइरानं, माझाच फोन उचलला. "विहीणबाईंना थँक्यू तरी म्हणू या." मी "नको, झोपली असेल" म्हणेपर्यंत पडद्यावर माझी आई होती.

"नेरेइदाताई, मनगटी किती सुरेख आहे," याहाइरा म्हणाली आणि तुझा हात पडद्याजवळ नेला.

आई गप्प झाली. मला माझ्या आईचं गप्प होणं ओळखता येतं. लहानपणी फोनच्या त्या टोकाला तेच तर असायचं. मला वाटलं आता ती विचारेल, कुठली मनगटी? आणि देवाशपथ, क्षणभर तिनं विचारावंच असं वाटलं.

"आवडली ना?" आई म्हणाली. "किती शोधली म्हणून सांगू. शेवटी हीच मनात भरली. पोवळं खरं आहे हं, नीट जपा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

फोन बंद झाला तशा सासूबाई आतल्या खोलीत गेल्या आणि शिवणाचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. दोऱ्यांच्या रिळांखालून त्यांनी एक पुरचुंडी काढली. आत मनगटी होती. साखळी झिजलेली, मणी एका कडेला थोडा टवका गेलेला, पण काळा कुळकुळीत.

"ही माझ्या आईची," त्या मला म्हणाल्या. "मी घातली, विल्किननं घातली. नोएलिया झाली त्या दिवसापासून काढून ठेवली होती. पण पहिला मान तुझ्या आईचा. मी आधी हिच्या हातात घातली असती तर तुला टोचलं असतं, पोरी. म्हणून तुझ्या मागे लागले होते, की बाई, सांग तिला, सांग. आता तिनं दिली. मी सुटले."

त्यांनी ती याहाइराच्या तळहातावर ठेवली. याहाइराला पाचवा महिना होता. तिनं मूठ मिटली आणि पोटावर धरली.

मी तोंड उघडलं होतं. टेबलावर तो कागद होता, सुरेख अक्षरात लिहिलेला, शिक्क्यासकट. खरं सांगितलं असतं तर दोन आयांमधली एक खोटी पडली असती आणि दुसरीनं माझी कीव केली असती. सासूबाई हसत होत्या. लग्नापासून माझ्याकडे बघून त्या अशा हसल्या नव्हत्या.

"केक कापू या?" मी म्हणाले.

पाहुणे गेल्यावर आईचा निरोप आला. *बाळाच्या हाताचा एक चांगला फोटो पाठव. इकडच्या बायकांना दाखवायचाय. डबा नको, नुसता हात.* पुढे एक हृदय.

कुणी आणली, किती पडली, काही विचारलं नाही.

मी फोटो काढायला बसले. तुझा हात स्थिर राहीना. मनगटी तोंडात घालून तू हिरड्यांनी पोवळं चोखत होतीस, माझ्याकडे बघून हसत होतीस. पाचव्या वेळी फोटो नीट आला. मी पाठवून दिला.

मग सकाळचा लाल दोरा खिशातून काढला. कापलेला होता, पण गाठ मारण्यापुरता उरला होता. कात्युस्कानं तो मला न विचारता बांधला होता. तेवढी एकच गोष्ट तुला कुणीतरी दिलेली होती. तुझा मोजा उतरवून मी तो घोट्याला बांधला आणि मोजा वर ओढून घेतला.