सगळ्यांना परवानगी

मास्तर वारले आणि त्यांचा लिनक्सचा सर्व्हर ताईच्या गळ्यात पडला. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी हात झटकले. "लिनक्स आहे, त्याला काय होतंय? आपलं आपण सांभाळतं." अहो, आपलं आपण काय सांभाळतं? गॅसवरचं दूधसुद्धा नाही!

पंधरा वर्षं दोघं कॉम्प्युटरच्या त्या खोलीत पाठीला पाठ लावून बसले. विंडोजचं सगळं ताईकडे, पेशंटचे रिपोर्ट ठेवणारं लिनक्स मास्तरांकडे. रोजचं भांडण ठरलेलं. "तुझ्या विंडोजला लगेच सर्दी होते," मास्तर चिडवायचे. "होऊ दे, औषध मला पाठ आहे," ती म्हणायची. आणि खरंच, एवढ्या वर्षांत दोघांच्याही हद्दीत कधी चोर शिरला नाही. आता मागची खुर्ची रिकामी होती. भांडायला कोणी उरलं नाही म्हणून ताईला करमत नव्हतं.

त्या सोमवारी रिपोर्टची छपाई अडली. स्क्रीनवर एकच ओळ, परवानगी नाही. काउंटरवर ही रांग, डॉक्टरांचे फोनवर फोन. ताईने इंटरनेटवरून एक कमांड उचलली आणि रिपोर्टचा अख्खा फोल्डर सर्व्हरवरच्या सगळ्या युजर-खात्यांना मोकळा करून टाकला. छपाई सुरू! विंडोजवर कोणी असं केलं असतं, तर तिने त्याची सालटी काढली असती. इथे मात्र तिला वाटलं, लिनक्स आहे, चालतंय.

आठ दिवसांनी सर्व्हरवरच्या ये-जाच्या नोंदी, म्हणजे लॉग, चाळताना ती एका ओळीवर अडकली. त्याच सर्व्हरवर डॉक्टरांची वेळ घ्यायचं वेबपेज होतं. त्यातून कोणीतरी बाहेरचं आत घुसलं होतं आणि मोकळ्या फोल्डरमधले सतरा जणांचे रिपोर्ट वाचून गेलं होतं. सतरा आजारी माणसं, आणि त्यांना पत्ताच नाही.

तिने आधी पेज बंद केलं, मग दिलेली परवानगी काढून घेतली. छपाई पुन्हा ठप्प. शेवटी तिने मास्तरांची सेटिंगची फाइल उघडली, जी खरं तर पहिल्याच दिवशी उघडायला हवी होती. वरच टीप होती, तिच्याच नावाने.

"ताई, इथवर आलीस म्हणजे छपाई अडलीय आणि तू घाईत आहेस. सगळ्यांना परवानगी देऊन मोकळी होऊ नकोस. छपाईचं खातं रिपोर्टच्या ग्रुपमध्ये घाल, बास. नाही जमलं तर फोन कर."

तारीख मास्तर शेवटचे ॲडमिट झाले, त्याच्या आदल्या दिवशीची. ताईला रडू आवरेना. डोळे पुसत तिने एका ओळीच्या कमांडने तेवढंच केलं आणि साहेबांपुढे जाऊन सगळं सांगितलं.

"पण लिनक्स तर सुरक्षित असतं ना?" साहेब म्हणाले.

"मास्तर होते तोवर होतं, साहेब. दार मी उघडं टाकलं. त्या सतरा जणांना मीच फोन करून सांगते."

यादी पुढ्यात घेऊन ती बसली, पण धीर होईना. नकळत बोटांनी मास्तरांचाच नंबर लावला. लागणार नाही, हे ठाऊक असून. फोन वाजला आणि पलीकडून मास्तरांच्या बायकोने उचलला.

"ताई ना गं? बरं झालं केलास. सगळे म्हणतात, नंबर बंद करून टाका. पण हे सांगून गेलेत, ताईचा फोन येईल, तोवर चालू ठेव म्हणून."