मी डावीकडे ओढत नव्हते

मी एक जुनी जॉयस्टिक आहे. माझ्या खोक्यावर चिकटवलेल्या कागदावर जाड काळ्या पेनाने लिहिलेलं होतं, ‘खराब. डावीकडे ओढते.’ मित्रांनो, हे धडधडीत खोटं होतं. हे खोटं उरावर घेऊन मी तेवीस वर्षं माळ्यावर पडून राहिले, आणि तेवीस वर्षं एकाच माणसाच्या आठवणीने दातओठ खात राहिले. मला दात नाहीत आणि ओठही नाहीत, पण राग आला की त्यावाचून काही अडत नाही. तो माणूस म्हणजे आमच्या ताईचा धाकटा भाऊ. घरात त्याला छोट्या म्हणतात. मी त्याला बंधुराज म्हणते, आणि प्रेमाने म्हणत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. काळा दांडा, जड पाया, वर एक लाल बटण आणि पोटात दोन स्प्रिंगा. या स्प्रिंगांमध्ये माझा जीव आहे. मला कुणी कुठेही ढकलू दे, सोडल्याबरोबर मी बरोबर मध्यावर येऊन उभी राहते. कारखान्यात शेवटच्या टेबलाशी एक चष्मेवाली तपासनीस बसायची. तिने मला चारही दिशांना पुन्हा पुन्हा झुकवलं, सोडलं, समोरचा काटा पाहिला आणि शेजारणीला म्हणाली, ‘‘ही बघ, केसाइतकीसुद्धा हलत नाही.’’ मग माझ्या तळाला तिने हिरवा कागदी ठिपका चिकटवला. तो अजून आहे. ज्याला शंका असेल त्याने मला उलटी करून पाहावं.

मी ताईकडे आले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. वेणी पाठीवर टाकायची, चौकटीची वही उघडायची आणि एकच खेळ खेळायची, अंतराळयान चालवायचा. तो खेळ मोठा खडूस होता. यानाला एकदा पुढे ढकललं की ते पुढेच जात राही. थांबवायचं तर तेवढंच उलट ढकलावं लागे. इंधन बेताचं. एका स्थानकावरून दुसऱ्यावर पोचायला कधी कधी आठवडा जाई, आणि स्थानकाला यान जोडताना वेग गोगलगायीचा हवा. जरा चुकलं की यान फुटे, आणि यान फुटलं की खेळ तुमचा सगळा प्रवास स्वतःच पुसून टाकी. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गयावया करून उपयोग नाही.

‘‘यात कसली गं मजा?’’ आई विचारायची.

‘‘आई, यान जोडलं की खट्ट आवाज येतो ना, तो एकदा ऐक,’’ ताई म्हणायची.

आईने ऐकला. तिला तो कपाटाच्या कडीसारखा वाटला. पण त्या आवाजाबरोबर माझ्या अंगावरची ताईची बोटं कशी सैल पडायची, ते फक्त मला ठाऊक आहे. आठवडाभर ताणून धरलेला श्वास ती तेव्हा सोडायची. सोप्या खेळांत ती अशी कधीच बसली नाही.

ताईचा एक नियम होता. संगणक सुरू केला की ती दोन्ही हात मांडीवर ठेवून मनातल्या मनात पाच मोजायची आणि मगच मला हात लावायची. याला कारण होतं. सुरू होताना मी जिथे उभी असेन, तीच जागा तो संगणक मध्य म्हणून धरतो. त्या वेळी मला कुणी वाकडी धरली, तर पुढचं सगळं वाकडं होतं. खेळाच्या पुस्तिकेत शेवटून दुसऱ्या पानावर हे बारीक अक्षरांत छापलेलं होतं. ताईने ते एकदाच वाचलं. पुढे नियम हाताला लागला आणि कारण डोक्यातून गेलं. तिची ही एवढीच चूक मला फार महागात पडली.

अकरा महिन्यांत ताईने सगळी स्थानकं गाठली. एकच उरलं होतं, दूरच्या एका ग्रहाच्या कड्यांपलीकडचं. तिथल्या खिडकीतून ती कडी कशी दिसतात, हे पाहायला तिने एवढा खटाटोप केला होता. यान स्थानकासमोर आणून तिने प्रवास जपून ठेवला आणि ती शिकवणीला गेली. आल्यावर जोडणार होती.

बंधुराज तेव्हा तेरा वर्षांचे होते. तोंडात बिस्किट, विचारायची पद्धत नाही. डाव्या हाताने त्यांनी संगणक सुरू केला आणि उजव्या हाताने, खुर्चीत बसायला आधार म्हणून, बसमधला दांडा धरावा तसं मला धरलं. मी उजवीकडे पार वाकले. नेमका तेव्हाच संगणकाने मला विचारलं, मध्य कुठे? हाताने मला जिथे ठेवलं होतं तेच मी सांगितलं. मला दुसरं काही सांगता येत नाही. मग बंधुराज ऐसपैस बसले, त्यांनी हात सोडला आणि मी माझ्या मध्यावर आले. संगणकाला वाटलं, ही डावीकडे गेली. यान डावीकडे सरकू लागलं. शहाण्याने थांबवलं असतं. यांनी घाबरून पूर्ण वेग दिला. यान स्थानकाच्या भिंतीवर आदळलं आणि पडद्यावर दोनच शब्द आले, ‘प्रवास पुसला.’

ताई दारात आली तेव्हा बंधुराजांची पाचावर धारण बसली होती.

‘‘ताई, आईशप्पथ, मी काही नाही केलं! ही जॉयस्टिकच डावीकडे ओढते!’’

पूर्ण वेगाचं नावसुद्धा काढलं नाही. ताईने नवा प्रवास उघडून पाहिला. संगणक बंद केला नव्हता, त्यामुळे चुकीचा मध्य तसाच होता. यान डावीकडे सरकलं. पुरावाच मिळाला. ताई रडली नाही, भावावर ओरडलीही नाही. तिने मला खोक्यात ठेवलं आणि वर कागद चिकटवून त्यावर ती दोन वाक्यं लिहिली. अक्षर तिचं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलायला तोंड कुठलं?

माळ्यावर माझ्या शेजारी केस वाळवायचा एक जळका ड्रायर होता आणि एक तुटकी छत्री होती. ती दोघं खरोखरच बिघडलेली होती, म्हणून त्यांना झोप लागायची. मला लागत नसे. खालच्या बातम्या मात्र कानावर येत. ताई बंदरावर मोठ्या क्रेनवर लागली. उंच काचेच्या खोलीत बसून ती जहाजावरचे कंटेनर अलगद उतरवते म्हणे. खेळाला तिने पुन्हा कधी हात लावला नाही. आणि बंधुराज? ते इंटरनेटवर खेळ खेळून दाखवतात. हजारो माणसं त्यांना ‘कॅप्टन’ म्हणतात! हे ऐकलं त्या दिवशी माझी एक स्प्रिंग करकरली.

शेवटी एका रविवारी दुपारी खोकं खाली आलं. बंधुराजांच्या कार्यक्रमाचा त्या दिवसाचा विषय होता, ‘अवघड अंतराळ-खेळ: मजा की शिक्षा?’ त्यासाठी त्यांना जुना संगणक, जुना खेळ आणि पुरावा म्हणून मी हवी होते. सुट्टी असल्यामुळे ताई आईकडे आली होती. तीही मागे स्टुलावर चहा घेऊन बसली.

बंधुराजांनी खोक्यावरचं लिखाण कॅमेऱ्यासमोर धरलं. ‘‘मंडळी, हे वाचा. माझ्या बहिणीचे अकरा महिने या खेळाने एका मिनिटात खाल्ले. याला मजा म्हणायचं? असे खेळ म्हणजे निव्वळ छळ आहे. आता कुणाला एवढा वेळ आहे? आणि ही जॉयस्टिक तर बघाच. कार्यक्रम संपला की ही थेट भंगारात जाणार.’’

मग त्यांनी डाव्या हाताने संगणक सुरू केला आणि उजव्या हाताने मला धरून खुर्चीत टेकले.

मित्रांनो, तेवीस वर्षांत या माणसाचं पोट सुटलं, केस गेले, पण बसायची रीत जशीच्या तशी होती. मला इतका आनंद झाला की काय सांगू! चोर त्याच खिडकीतून पुन्हा आत येत होता, आणि या वेळी घरात माणसं जागी होती. यान डावीकडे सरकू लागलं.

‘‘बघा! बघा, ओढते की नाही?’’ बंधुराज ओरडले.

मागे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

‘‘छोट्या, सुरू करताना तुझा हात कुठे होता?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘क्रेन सुरू करताना आमचे हात मांडीवर असतात. लिव्हर धरून कुणी चावी फिरवली तर साहेब त्याला खाली उतरवतात. हात काढ.’’

‘‘ताई, कार्यक्रम चालू आहे...’’

‘‘हात काढ म्हटलं ना.’’

ताईने संगणक बंद केला, पुन्हा सुरू केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून पाच मोजले. सगळ्या जगासमोर मी मध्यावर उभी होते. यान जागचं हललं नाही. केसाइतकंसुद्धा नाही.

‘‘आणि वेग?’’ ताईने विचारलं. ‘‘नुसतं डावीकडे सरकून यान फुटत नाही. त्या दिवशी वेग किती दिला होतास?’’

बंधुराजांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ‘‘पूर्ण,’’ ते पुटपुटले. ‘‘मला वाटलं तू मारशील.’’

‘‘मारलंच असतं. पण खेळ सोडला नसता रे.’’

हे तिने अगदी हळू म्हटलं. मग तिने खोक्यावरचा कागद सोलून काढला आणि बंधुराजांच्या खुर्चीच्या पाठीवर, कॅमेऱ्यात दिसेल असा, चिकटवला. ‘खराब. डावीकडे ओढते.’ बघणारे हसून लोटपोट झाले. मी मनातल्या मनात उड्या मारल्या.

‘‘आता माझा प्रवास परत आणून दे,’’ ताई म्हणाली. ‘‘पहिल्यापासून. याच जॉयस्टिकने. तोपर्यंत हा कागद इथून निघणार नाही.’’

हजारो माणसांसमोर नाही कसं म्हणणार? बंधुराज अडकले, आणि माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. पहिल्याच महिन्यात त्यांची नऊ यानं फुटली. दर वेळी ते मला शिव्या द्यायला तोंड उघडत आणि पाठीमागचा कागद आठवून मिटत. त्यांच्या तळहाताला घाम सुटे. तो मला अत्तरासारखा वाटे. चौथ्या महिन्यात मात्र एक वाईट गोष्ट घडली. एका स्थानकाला यान जोडलं गेलं, खट्ट आवाज आला आणि माझ्या अंगावर त्यांची बोटं सैल पडली. अगदी ताईसारखी. मला मुळीच आवडलं नाही. शिक्षा भोगणाऱ्याने रस घ्यायचा नसतो!

आई एकदा भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी घेऊन आली. ‘‘काय रे, येते का मजा?’’

‘‘मजा माहीत नाही गं,’’ नजर न काढता ते म्हणाले, ‘‘पण उठवत नाही.’’

अकरा महिने लोटले. ताईची जुनी वही समोर ठेवून बंधुराज शेवटच्या स्थानकापाशी पोचले. ताई शेजारी बसली होती, हात मांडीवर. तिला ती कडी पाहायची होती. बंधुराज यान गोगलगायीच्या वेगाने पुढे नेत होते.

मित्रांनो, माझी उजवी स्प्रिंग आता म्हातारी झाली आहे. तिला सोडून दिलं तर मी खरंच थोडी डावीकडे कलेन. सगळा सूड माझ्या हातात होता. एवढंसं कलायचं, की यान फुटणार, अकरा महिने पुसले जाणार, आणि तोंड कसं पडतं ते याला कळणार.

मी कलणारही होते. तेवढ्यात समोरच्या काळ्या पडद्यावर मला खुर्चीचं प्रतिबिंब दिसलं आणि त्यावरचा कागद आठवला. मी डावीकडे गेले असते, तर तो कागद खरा झाला असता. हा माणूस खरा ठरला असता.

मी स्प्रिंग आवळून धरली. दुखलं, तरी धरली. खट्ट.

खिडकी उघडली आणि कडी दिसली. फिकट, बारीक, लांबच लांब. ताई पडद्याजवळ सरकली. मग तिने भावाच्या डोक्यावर एक टपली मारली आणि हात तिथेच राहू दिला. खुर्चीमागचा कागद तिने काढला, चार तुकडे केले आणि खिशात टाकले.

मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. एखादी वस्तू बिघडली असं ओरडण्याआधी तिच्यावरचा आपला हात काढा, पाच मोजा आणि मग पाहा. आमच्यापैकी कितीतरी जणी निष्कारण माळ्यावर पडल्या आहेत. आणि मी बंधुराजांना माफ केलं, असं मात्र समजू नका. मी सरळ गेले, ती त्यांच्यावर उगवलेला सूड म्हणून.