महारुद्रच्या गुळण्या

ज्वारीची रास झाली त्या दिवशी महारुद्रचा घसा धरला. मळणीयंत्राची घरघर, तिच्यावर आवाज चढवून दिवसभर गड्यांना हाका मारणं आणि वर तो बारीक भुसा. कुणाचाही घसा धरला असता. त्याच्याबरोबर राबलेले दोघं गडीही दुसऱ्या दिवशी खोकतच आले. एकानं चहात आलं जास्त टाकायला सांगितलं, दुसऱ्यानं गूळ मागून घेतला, आणि संध्याकाळपर्यंत दोघंही ते विसरून गेले.

महारुद्र विसरला नाही. त्याच्या बायकोचं, जगदेवीचं, असंच सुरू झालं होतं.

"घसा खवखवतोय जरा," एवढंच म्हणाली होती ती. मग गुळण्या केल्या, ज्येष्ठमधाची काडी चघळली, हळद घालून दूध प्याली. आवाज बसला तेव्हा म्हणाली, भाचीच्या लग्नात गाणी म्हटली म्हणून. भाकरी गिळवेना झाली तेव्हा ती दुधात कुस्करून, त्याच्याकडं पाठ करून खायला लागली. त्याला वाटलं, बाईमाणूस आहे, लाजत असंल. शेवटी बार्शीला नेलं, तर डॉक्टरांनी पडद्यावर तिचा घसा दाखवला. आत पांढरट चट्टा होता. गेल्या श्रावणात ती गेली.

म्हणून महारुद्रनं आपलं दुखणं कुणाला सांगितलं नाही. तेर गावातल्या त्या घरात तो आता एकटाच राहत होता. लेक राजनंदिनी धाराशिवला दिलेली, तिथं ती घरातल्याच दुकानात ब्लाऊज शिवायची. शेजारच्या घरात थोरली बहीण गंगम्मा. तिच्या कानावर गेलं की अर्ध्या गावाच्या कानावर जाणार, हे ठरलेलं.

स्वयंपाकघरात एक फळी होती, तिच्यावर जगदेवीचे डबे. ती गेल्यापासून त्यांना कुणाचा हात लागलेला नव्हता. राजनंदिनीनं दिवाळीत ते घासायला काढले तर महारुद्र म्हणाला, "राहू दे." ती म्हणाली, "अप्पा, किडं पडतील." तो म्हणाला, "पडू दे." वरण-भाताला लागणारं मीठ, तिखट, तेल तो चुलीपाशी वेगळं ठेवायचा.

गुळण्यांसाठी मात्र तो त्या फळीपाशी गेला. जगदेवीला शेवटी शेवटी कुणीतरी सांगितलं होतं, साध्या मिठापेक्षा सैंधव घालून गुळण्या कर. ते तिनं बाजारातून आणल्याचं त्याला आठवत होतं. ज्येष्ठमधाच्या काड्यांच्या बरणीला खेटून एक प्लास्टिकची बरणी होती, आत मळकट पांढरी पूड. हेच ते. त्यानं बरणी उघडली, वास घेतला, कसलाच वास नव्हता. तांब्यात गरम पाणी घेतलं, वर चांगली मूठभर पूड टाकली आणि मागच्या मोरीपाशी जाऊन मान वर केली.

पाणी आत गेलं तसं घशात निखारा ठेवल्यासारखं झालं. तो थुंकला, डोळ्यांतून पाणी आलं. मग त्याला वाटलं, जखमेवर मीठ पडलं की झोंबणारच. म्हणजे आत जखम आहे. नुसता भुसा असता तर एवढं झोंबलं असतं का?



पुढं तो सकाळ-संध्याकाळ गुळण्या करायला लागला. जितकं झोंबेल तितका औषधाला जोर, असं मनाला सांगायचा आणि पूड वाढवायचा. घशाचं दुखणं उतरायच्या ऐवजी चढत गेलं. आवंढा गिळताना कानापर्यंत कळ जायची. आवाज घोगरा झाला, मग नुसती हवा यायला लागली. बैलांना हाक मारायची तर तो जवळ जाऊन पाठीवर थाप मारायचा. रस्त्यात कुणी "काय अण्णा, कसं काय?" म्हटलं की हात वर करून पुढं जायचा. एकजण मागून म्हणालासुद्धा, "ज्वारीला भाव आला वाटतं, माणूस बोलंना झालं!"

भाकरी जाईना. त्यानं ती दुधात कुस्करली. घास तोंडात गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण भिंतीकडं तोंड करून बसलोय. घरात दुसरं कुणीच नव्हतं, तरीसुद्धा. तो घास त्याला बाहेर काढावा लागला.

मग एका सकाळी त्यानं दाढीचा आरसा खिडकीत टेकवला, मोबाईलची बॅटरी लावली आणि तोंड उघडलं. आतला सगळा भाग लालबुंद. आणि मागं, पडजिभेच्या दोन्ही अंगांना, पांढरे चट्टे.

आरसा त्यानं पालथा घातला. बराच वेळ तो खिडकीचा गज धरून उभा राहिला. बाहेर बायका पाणी भरत होत्या, कुणाची तरी घागर घसरली म्हणून हसत होत्या. त्याला वाटलं, जगदेवीलाही असंच एक दिवस दिसलं असंल. ह्याच आरशात. आणि तिनं आरसा पालथा घातला असंल, आणि येऊन मला चहा दिला असंल.

त्या दिवसापासून तो मरणाच्या तयारीला लागला, पण कुणाला कळणार नाही अशी. पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर कुठं अडतो ते गड्याला दाखवून ठेवलं. गाय व्यायला झाली होती, तिचं कसं बघायचं ते खुणेनं सांगितलं. गडी म्हणाला, "गावाला चाललाव का मालक?" महारुद्रनं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते गड्याला कळलं नाही.

राजनंदिनीचा फोन वाजला तरी तो उचलायचा नाही. आवाज ऐकला की तिला कळलं असतं. दोनदा वाजला की शेजारच्या पोरीला हातानं बोलावून कुजबुजत "आमी बरं हाय, शेतात हाय" असं लिहून पाठवायला लावायचा.

राजनंदिनीनं शेवटी आत्याला फोन लावला. गंगम्मा दुपारी हुलग्याच्या पिठाच्या गरम माडग्याचं पातेलं पदराखाली धरून आली.

"रुद्रा! लेकीचा फोन उचलंना झालायस म्हणं. मुका झालास का?"

महारुद्रनं घशाकडं बोट केलं आणि हात झटकला, काही विशेष नाही अशा अर्थी.

"घसा? मग बोल की. बोल, अक्का म्हण."

"अ..." एवढीच हवा आली.

गंगम्मानं पातेलं खाली ठेवलं. "पडजीभ पडलीय तुझी. उघड तोंड. म्या आत्ता उचलते, बघ. पाटलाच्या सुनंची उचलली, शिंप्याच्या पोराची उचलली. अंगठा लावला की चट बरं हुतंय."

अंगठ्याला मीठ लावून पडजीभ वर दाबायची, ही गंगम्माची जुनी विद्या. गावातली पोरं ती दिसली की ओठ मिटून पळायची. महारुद्रनं ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली.

"आरं उघड की! साठीला आलास अन् पोरावानी करतोस?"

तिनं त्याची हनुवटी धरली. त्यानं तिचा हात ढकलला. ती पुन्हा आली, तो खांबाच्या पलीकडं गेला. ती या बाजूनं, तो त्या बाजूनं. गंगम्मा धापा टाकत म्हणाली, "काय बी हुऊ दे, पण आज उचलणार!" आणि मग ती एकदम थांबली. तिला त्याचा चेहरा दिसला होता. तो खेळत नव्हता. त्याचे डोळे खाटकाच्या दारातल्या बोकडासारखे झाले होते.

"काय रं?" ती हळू म्हणाली. "लई दुखतंय?"

त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही.

"बरं, जोरानं न्हाय दाबत. नुसता टेकवते. मीठ कुठाय?" ती आत गेली. चुलीपाशी मिठाची वाटी रिकामी होती. फळीवर ती बरणी झाकण न लावताच ठेवलेली होती. गंगम्मानं अंगठा बुडवला आणि सवयीप्रमाणं आधी जिभेला लावून बघितला.

ती आतूनच ओरडली. "थू! थू! रुद्रा! हे कुणी हितं काढून ठिवलंय?"

तो दारात आला.

"मीठ न्हाय हे, पापडखार हाय! म्या आन् जगदेवीनं मागल्या साली आणलाय बाजारातनं. तू कशाला उघडलीस बरणी? पापड लाटणार हुतास?"

महारुद्रनं तांब्याकडं बोट दाखवलं. मग मान वर करून गुळण्या केल्याचं दाखवलं.

गंगम्मा खाली बसून हसायला लागली. "आरं देवा! पापडखाराच्या गुळण्या! घशाचं पापड लाटलास की रं!" ती पोट धरून हसली, पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसली. "आन् मला वाटलं काय झालं. खारानं भाजलंय बाबा तुझं तोंड. जा, गार दूध पी. तूप चाट. चार दिसात बरं हुतंय."

महारुद्र हसला नाही. तो तिच्याजवळ येऊन बसला, तिचा हात धरला आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. शब्द काढताना त्याचं सगळं अंग ताणलं गेलं.

"आदी दुखत हुतं, अक्का. खार... मागनं."

गंगम्माचं हसू थांबलं.

"जगदेवीवानी," तो म्हणाला.

 माडगं निवत चाललं होतं. गंगम्मा म्हणाली, "आन तुझ्या फोनची बॅटरी. दाखव."

तो नको म्हणाला. मग त्यानंच बॅटरी लावून तिच्या हातात दिली आणि तोंड उघडलं. गंगम्मानं चेहरा अगदी जवळ आणला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. उजेड त्याच्या डोळ्यांत जात होता.

"काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

"काय दिसणार? माझ्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. नुसतं लाल-पांढरं दिसतंय." तिनं बॅटरी खाली ठेवली. "तिचंबी मला न्हाय दिसलं रं. रोज बसायची माझ्यापाशी येऊन."

एवढं बोलून गंगम्मानं तोच फोन पुन्हा उचलला आणि त्याच्यासमोर धरला. "लेकीला लाव. म्या न्हाय बोलायची. तूच बोल."

"अप्पा?" राजनंदिनी म्हणाली. मागं शिलाई मशीन चालू होती. "अप्पा, बोला की."

त्याला म्हणायचं होतं, भुसा गेला, आता बरं आहे. तो म्हणाला, "घसा... लई दिस झालं, पोरी."

मशीन थांबली.

"असा आवाज कधीपासून हाय?"

त्यानं फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"आईनंबी असंच केलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला, मग फाटला. "तुमी दोघांनी ठरवलंय का मला काय सांगायचं न्हाय म्हणून? आत्ताच्या आत्ता बस धरा. म्या स्टँडवर उभी ऱ्हाते. न्हाय आला तर दुकान उघडं टाकून तेरला येईन, मग बघा."

त्यानं धोतर बदललं. बसमध्ये तो दाराजवळ बसला, आणि रस्ताभर त्याला वाटत होतं की पुढच्या थांब्यावर उतरावं. प्रत्येक थांब्यावर त्यानं समोरच्या दांडीला हात घातला. आजवर निदान कळलेलं तर नव्हतं. कळल्यावर परत यायला रस्ता नसतो, हे त्यानं बार्शीला बघितलं होतं. पण राजनंदिनी खरंच दुकान टाकून येईल, हेही त्याला माहीत होतं.

घशाचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी पापडखाराचं ऐकलं आणि ते हसले नाहीत. म्हणाले, "वरचं सगळं भाजलेलं आहे. ते पांढरं दिसतंय ती जळलेली साल आहे. त्याच्याखाली काय आहे ते आज सांगता येणार नाही. औषध देतो. कोमट पाण्यात चिमूटभर साधं मीठ टाकून गुळण्या करा, झोंबेल तर तेही नको. पातळ खा, बोलू नका. दोन आठवड्यांनी या, तेव्हा दुर्बिणीनं बघू."

"आन् तवर?" राजनंदिनीनं विचारलं.

"तोवर वाट बघायची."

ते दोन आठवडे महारुद्रनं लेकीच्या घरी काढले. मशीन चालू असली की त्याला बरं वाटायचं, थांबली की भीती वाटायची. राजनंदिनी दूध-भात मऊ करून द्यायची आणि समोर बसून राहायची. तो पाठ फिरवायला लागला की म्हणायची, "हिकडं तोंड करा." घशातली कळ कमी होत गेली. भीती कमी झाली नाही. जगदेवीचंही मधेच एकदा बरं वाटल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या खेपेला नाकातून बारीक नळी घातली. पडद्यावर त्याचा घसा आला, ओला, गुलाबी. महारुद्रनं डोळे मिटून घेतले.

"साफ आहे," डॉक्टर म्हणाले. "काही नाही. धूळ आणि ओरडणं, मग तुमचा पापडखार. आवाज येईल हळूहळू. पण पुन्हा कधी तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस आवाज बसलेला राहिला तर घरी औषध करत बसू नका, लगेच या. उठा."

राजनंदिनी भिंतीला टेकून रडायला लागली. महारुद्र उठला नाही. तिला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही. "अप्पा, काय न्हाय म्हणत्यात. चला."

"डॉक्टरसाहेब," महारुद्र म्हणाला. आवाज घोगरा होता, पण आवाज होता. "नुसता घसा खवखवत असंल, आन् तवाच आणलं असतं तर?"

"तुमचं? तुमचं काही नाहीच आहे."

"माझं न्हाय."

डॉक्टरांनी राजनंदिनीकडं बघितलं. तिनं डोळे पुसले. त्यांनी हातमोजा काढला आणि खुर्ची जवळ ओढली. "कुणाचं?"

"आमच्या मंडळीचं," महारुद्र म्हणाला, आणि भाचीच्या लग्नापासून सांगायला लागला. बाहेरच्या बाकावरच्या एका बाईनं पडदा सरकवून आत बघितलं. डॉक्टरांनी तिला हातानंच थांबायला सांगितलं.