माझ्या झाकणाचा टवका

मी एक जुनी चिनीमातीची चहादाणी आहे, मित्रांनो. भट्टीतून निघाले तेव्हा पांढरीशुभ्र होते. आता पिवळी पडले आहे आणि झाकणाचा टवका उडाला आहे. पण त्या टवक्याचा मला भारी अभिमान!

हाँगकाँगमधल्या एका चहाघरात माझं आयुष्य गेलं. आमच्याकडची रीत अशी, की झाकण उघडून ठेवलं की वाढप्याने ओळखायचं, गरम पाणी हवं. वाढपी क्वायकाका उघडं झाकण दिसलं रे दिसलं की किटली घेऊन धावत. पाणी ओतलं की गिऱ्हाईक टेबलावर बोटं टकटक वाजवून आभार मानायचं.

दारात फुंगमावशी माशाच्या गोळ्यांची गाडी लावायची. हवालदार रोज तिच्याकडून ‘चहापाणी’ न्यायचा. न दिलं तर गाडी जप्त. चहा पाजायची मी, खिसा भरायचा तो, आणि बदनाम मात्र चहा!

एके वर्षी इंग्रज गव्हर्नरच्या सभेत लाचखोरीविरुद्ध कडक कायद्यावर वाद सुरू झाला. साहेबांची सभा, साहेबांची भाषा. आम्हाला कोण विचारतो? म्हणून म्हाताऱ्या यिपतात्यांनी चहाघरातच सभा भरवली. नेमका हवालदारही कोपऱ्यात चहा पीत बसला होता.

तात्या म्हणाले, “हा कायदा म्हणतो, पगार एवढासा आणि बंगला एवढा मोठा, तर तो कुठून आला हे आता बंगलेवाल्यानेच सांगायचं!”

“बायकोने काटकसर केली म्हणेल,” कोणीतरी म्हणालं.

“तुझी करते का रे?”

“अहो, पण एखादा निरपराध अडकला तर?”

“माझी गाडी रोज अडकते, तेव्हा कुठं असता हो तुम्ही?” माझ्या टेबलाशी बसलेली मावशी कडाडली.

तात्या म्हणाले, “कायदा हवा त्याने झाकण उघडा.”

सगळे कोपऱ्याकडे बघू लागले. मावशीने माझ्या झाकणावर हात ठेवला. उद्या गाडी गेली तर खायचं काय? मग तिने झाकण उघडून टेबलावर असं आपटलं की टवकाच उडाला! पाठोपाठ सगळी झाकणं उघडली.

“अगं आई गं! एवढं पाणी आणू कुठून?” क्वायकाका किंचाळले. मतदान विसरून ते किटली घेऊन धावतच सुटले! सगळे पोट धरून हसले आणि आभाराची बोटं टेबलांवर टकटक वाजू लागली. अहाहा, काय तो आनंद!

काका कोपऱ्यात पोहोचले. हवालदाराचंही झाकण उघडं होतं. पाणी हवं होतं की कायदा, देव जाणे.

पुढे कायदा झाला. हवालदार गाडीवर आला, मावशीने गाडी घट्ट धरली. त्याने गोळे मागितले, खाल्ले आणि चक्क पैसे दिले.

मित्रांनो, मला हळुवार धुवा, जपून ठेवा. पण त्याहून जपा ते माझ्या चहाचं नाव. लाचेला लाचच म्हणा; चहापाणी म्हणजे चहा आणि पाणी!