लविनाच्या बग्गीचा घोडा

मित्रांनो, मी एक म्हातारा, थकलेला घोडा आहे. अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या आमिश लोकांच्या, म्हणजे जुन्या रीतीनं जगणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, एका शेतावर, गोठ्यामागच्या कुरणात मी दिवस काढतो. गुडघे धरले आहेत, डावा डोळा अंधुक झाला आहे. बसलो तर उठवत नाही, म्हणून बहुतेक वेळ उभाच असतो.

माझा जन्म शर्यतीसाठी झाला. दोनचाकी हलक्या गाडीला जुंपून मला गोल मैदानात पळवत. तेव्हा माझं नाव होतं लकी जनरल. मी हरतच गेलो आणि एक दिवस लिलावात उभा राहिलो. तिथं एलम बायलर नावाच्या तरुण सुतारानं मला घेतलं. त्यानं नवी उघडी बग्गी घासूनपुसून चकचकीत केली होती. ती कुणासाठी, हे मला पहिल्याच रविवारी कळलं.

रविवारी तरुण मुलंमुली कुणाच्या तरी घरी गाणी म्हणायला जमत. मग मुलगा आपल्या आवडीच्या मुलीला घरी सोडी. लविना बग्गीत चढली आणि म्हणाली, "घोड्याचं नाव काय?"

"जनरल," एलम ओशाळून म्हणाला.

"जनरल? आपल्यात लढाईला जातंय कोण? तू?"

एलमनं नुसता लगाम हलवला.

"त्याला बेन म्हण. आणि बेन, तुझ्या मालकाला जरा बोलायला शिकव बाबा. नाहीतर तुम्हा दोघांत फरक कसा ओळखायचा?"

त्या दिवसापासून मी बेन झालो. माझी दुलकी चाल बघायला लोक अंगणात येत. एलम रोज खरारा करताना माझ्याशी बोले, आणि तिच्याशीही हळूहळू बोलायला लागला. दोघांनी एकाच वर्षी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पंथाचे नियम जन्मभर पाळायचा शब्द दिला. पुढच्या उन्हाळ्यात लविनाच्या आईनं सेलरीच्या भाजीचे लांबच लांब वाफे लावले. आमच्याकडे लग्नाच्या जेवणाला सेलरी ढिगानं लागते, त्यामुळे कुणी काही न सांगता सगळ्यांना कळलं.

पण एलम कामासाठी परगावी जायचा, तो बाहेरच्या लोकांच्या मोटारीतून. तिथं तो गाडी चालवायला शिकला आणि त्यानं स्वतःचा ट्रक घेतला. आमच्यात स्वतःची मोटार बाळगायला मनाई आहे. बिशप दोनदा समजावून गेले. एलमनं ट्रक विकला नाही.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी तो मला घेऊन लविनाच्या दारी आला.

"बेनला ठेवून घे," तो म्हणाला. "रविवारी मला वाळीत टाकणार आहेत. मग तुला माझ्या हातून काही घेता येणार नाही. म्हणून आजच आणलाय."

"आणि तू?"

"रस्ता किती लांब जातो, लविना. आपण मात्र पाच मैल फिरून परत घरी. तू चल माझ्याबरोबर."

लविनानं माझी मोहरकी धरली होती. ती म्हणाली, "माझ्या आईबापांच्या टेबलावरून मी उठेन. पण मग बसू कुठं? तुझ्या ट्रकमध्ये?"

तो पायी गेला. त्या वर्षी सेलरी वाफ्यातच राहिली आणि पहिल्या कडाक्याच्या थंडीत काळी पडली.

लविना शाळेत शिकवू लागली. मी तिला रोज शाळेत नेई आणि आणी. लग्नासाठी विचारणारे आले, तिनं त्यांना कॉफी दिली आणि परत पाठवलं. येताना ती माझ्याशीही फारशी बोलत नसे. डांबरी रस्त्यावर माझे खूर झिजले. एकदा तिचा भाऊ ईनॉस याला घाई होती. त्यानं मला दामटवत बाजारात नेलं आणि घामानं निथळत असताना पांघरूण न घालता बर्फगार वाऱ्यात बांधून ठेवलं. तेव्हापासूनचा खोकला गेला नाही. लोक म्हणू लागले, "बेनमध्ये आता काही राहिलं नाही."

अशी अकरा वर्षं गेली. मग एलमची आई वारली.

त्या दुपारी आम्ही शाळेतून परतत होतो. पुढं रस्त्याच्या कडेनं एक माणूस पायी चालला होता. वास माझ्या ओळखीचा. मी आपणहून थांबलो. लविनानं एलमला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"ट्रक कुठाय?" तिनं विचारलं.

"ठेवला गावाबाहेर. आईच्या दारात नेववेना."

"बस."

"तुला चालेल?"

"तुला घ्यायला मनाई नाही. तुझ्या गाडीत बसायला आहे."

तो बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "मी हाकू का?"

"नको. लगाम परत तुझ्या हातून कसा घेऊ?"

चढ आला तसा तो उतरला आणि माझ्या बाजूनं चालू लागला, मला ओझं नको म्हणून. वर पोचल्यावर म्हणाला, "मला परत यायचंय."

"माझ्यासाठी येत असशील तर येऊ नकोस," लविना म्हणाली. "माझ्याकडे बघून राहशील, आणि एक दिवस माझाही कंटाळा येईल. मी थकले, एलम. पुन्हा कुणाला निरोप द्यायची ताकद नाही माझ्यात."

दफनानंतरच्या जेवणाला त्याला वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. आईच्या घरात, एकट्याला. असं लविनानं माझा साज काढताना रडत रडत मला सांगितलं.

एलम परत गेला नाही. त्यानं ट्रक विकला. वसंतात त्यानं सगळ्यांसमोर गुडघे टेकले आणि बिशपांनी हात धरून त्याला उठवलं, पंथात परत घेतलं. तरी लविनानं होकार दिला नाही. दोन हिवाळे त्याला शेजारी म्हणून राहताना तिनं पाहिलं, आणि मग एके सकाळी शाळेच्या वाटेवर बग्गी थांबवून लगाम त्याच्या हातात दिला.

लग्नानंतरही काही वर्षं मी बग्गी ओढली. शेवटी पाय अडखळू लागले. नवा घोडा आला. ईनॉस एका दलालाला घेऊन आला. म्हातारे घोडे ट्रेलरमध्ये भरून तो कुठं नेतो, हे आम्हा घोड्यांना ठाऊक असतं.

"दे सोडून," ईनॉस म्हणाला. "दाणा फुकट जातोय."

लविना काही बोलणार तोच एलम पुढं आला. "मी इथं नव्हतो, तेव्हा तिला रोज घरी यानं आणलं," तो म्हणाला. "त्याला जायचं असेल तर आधी मला ट्रेलरमध्ये घाल."

दलाल निघून गेला. ईनॉसनं त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या मानेवरून हात फिरवला.

मित्रांनो, तुमच्या दारी माझ्यासारखा कुणी असेल, तर घामेजलेला असताना त्याच्यावर पांघरूण घाला. दात पडले की दाणा भिजवून द्या. त्याच्याकडून काम होईनासं झालं, तरी त्याची जागा काढून घेऊ नका. तिथं उभं राहण्यापुरतंच त्याच्यात आता बळ उरलेलं असतं.