तिसरा मजला, डावीकडचं दार

पिशवीतला मासा एका कुशीवर कलला होता. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, प्लास्टिकच्या पिशवीला जवळजवळ नाक टेकवलं आणि कल्ल्यांची उघडझाप मोजायला सुरुवात केली. कल्ले हलत होते, पण चावी संपत आलेल्या घड्याळासारखे, थांबत थांबत. काल संध्याकाळी लेकीने फायटर मासा म्हणून कौतुकाने आणला तेव्हा तो गर्द निळा होता. आज त्याचा रंग पार उतरला होता आणि फायटरपणा कुठे दिसत नव्हता.

कामावर जाताना लेकीने सगळं पढवून ठेवलं होतं. बरणीत नळाचं पाणी भरायचं. नळाच्या पाण्यातलं जंतुनाशक माशाला सोसत नाही, म्हणून त्यात बाटलीतल्या औषधाचे चार थेंब घालायचे. मग बंद पिशवी त्या पाण्यावर वीस मिनिटं तरंगत ठेवायची, आणि नंतर दर पाच मिनिटांनी बरणीतलं अर्धी वाटी पाणी पिशवीत ओतायचं. शेवटी मासा जाळीने उचलून बरणीत सोडायचा आणि वर झाकण ठेवायचं.

“झाकण हवंच, हे उडी मारतात,” चपला घालता घालता ती म्हणाली होती. “पण फट ठेवा. हवा घ्यायला वर येतात. आणि घाई नको हं बाबा, एकदम नव्या पाण्यात सोडला तर धसका घेतो.”

“वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं,” घड्याळजी म्हणाले. “पन्नास वर्षं दुसरं काय केलं मी?”

मग दार लागलं आणि बाहेरून चावी दोनदा फिरली. खट्. खट्.

आता टेबलावर बरणी होती, वाटी होती, जाळी होती. औषधाची बाटली तेवढी नव्हती. ती लेकीच्या पर्समधून निघालीच नसणार. लेक ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स, तिचा फोन दिवसभर कपाटात बंद. घड्याळजींनी तरी तीनदा लावून पाहिला.

कुलपाला आता चार महिने झाले होते. एका सकाळी ते सवयीने बसमध्ये बसले आणि आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकान विकून तीन वर्षं झाली होती, तिथे आता केस कापत होते. परत कसं जायचं ते काही केल्या आठवेना, म्हणून संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिले. लेकीला सापडले तेव्हा ती रागावली नाही, याचंच त्यांना जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी नवं कुलूप आलं. त्याबद्दल दोघांत एक शब्द झाला नाही. मासाही तिने त्यांना सोबत म्हणून आणला होता. एका कोंडलेल्याला दुसऱ्याची सोबत, असं ओठांवर आलेलं गिळून त्यांनी ‘छान आहे’ म्हटलं होतं.

मासा पिशवीच्या तळाला टेकला. खिडकीतून रस्त्यापलीकडे माशांचं दुकान दिसत होतं.

घड्याळजींनी पलंगाखालून आपली लाकडी पेटी ओढली. वरच्या खणात दोरा ओवलेल्या जाड कागदाच्या कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. दुकानात आलेल्या घड्याळाला मालकाच्या नावपत्त्याची चिठ्ठी बांधल्याशिवाय ते त्याचं झाकण उघडत नसत. चिठ्ठ्यांखालून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला. कुलपाची पेटी दाराच्या आतल्या अंगाला होती, चार स्क्रूंवर. पत्रा निघाला, बोटाने खिट्टी मागे सारली, दार उघडलं.

दुकानदाराने बाटली दिली आणि हसला.

“आजोबा, पिशवीचं तोंड उघडून ठेवलं असतं तरी तो संध्याकाळपर्यंत टिकला असता.”

“मला काय माहीत,” घड्याळजी म्हणाले.

परत येताना जिना चढून त्यांनी दार ढकललं. उघडेना. पुन्हा ढकललं. खिट्टी आपोआप पडली, आता मासा आत आणि आपण बाहेर. त्यांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि तो भोकात घालणार इतक्यात हात थांबला. आपल्या नव्या कुलपाच्या भोकाभोवती पितळी चकती नव्हतीच. इथे ती चकचकीत होती. ते चौथ्या मजल्यावर उभे होते.

कुणी पाहिलं नव्हतं. ते कठडा धरून एक मजला खाली आले, घरात शिरले, आतून खिट्टी सारली आणि चारही स्क्रू पिळून बसवले. मग खुर्ची ओढून वीस मिनिटं मोजली, आणि दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी पाणी. एक थेंब सांडला नाही.

संध्याकाळी चावी दोनदा फिरली. लेक आत आली ती बाटली हातात घेऊनच.

“बाबा, ही माझ्याकडेच राहिली, मासा...”

मासा निळा होऊन बरणीत फिरत होता. शेजारी तशीच दुसरी बाटली. तिने बाटलीकडे पाहिलं, मग कुलपाकडे.

“किती वेळ लागला?”

“दोन मिनिटं. चार तर स्क्रू.”

“हे कधीपासून माहीत होतं?”

“बसवलं त्या दिवसापासून.”

ती खुर्चीत बसली. “मग गेला का नाहीत?”

“कुलूप लावून तू सरळ खाली जात नाहीस. जिन्याच्या वळणावर थांबतेस. मला ऐकू येतं,” ते म्हणाले. “तू तशी थांबल्यावर मी कुठे जाणार?”

लेकीने डोळे पुसले. चावी अजून तिच्या मुठीत होती आणि मूठ सैल होत होती. आता गप्प बसलं की झालं, हे घड्याळजींना कळत होतं. पण मागे पडणारं घड्याळ ‘झालं दुरुस्त’ म्हणून त्यांनी आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं.

“येताना चुकलो,” ते म्हणाले. “चौथ्या मजल्यावर दुसऱ्याच्या कुलपात स्क्रू ड्रायव्हर घालत होतो.”

तिची मूठ चावीवर पुन्हा आवळली. स्वतःच्या तोंडाने दार लावून घेतलं, असं घड्याळजींना वाटत राहिलं.

सकाळी ती चपला घालून दाराशी गेली आणि परत आली. तिच्या हातात पेटीतली एक चिठ्ठी होती. तिने तिचा दोरा त्यांच्या सदऱ्याच्या काजातून ओवला आणि गाठ मारली. घड्याळजींनी भिंग लावून वाचलं. तिसरा मजला, डावीकडचं दार. खाली थिएटरच्या टेबलावरच्या फोनचा नंबर, जो कुणीतरी उचलतंच. आणि वर, मालकाचं नाव लिहायच्या जागी, तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं.

“पलीकडच्या दुकानापर्यंतच,” ती म्हणाली. “वीस मिनिटं.”

“वीस म्हणजे वीस.”

दार लागलं. ते कान देऊन उभे राहिले. चावी फिरली नाही. पावलं वळणापर्यंत गेली, तिथे नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली, आणि मग खाली उतरली.

घड्याळजींनी माशाला दोन दाणे घातले आणि झाकणाची फट नीट केली. मग ते बूट शोधायला लागले.